जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स स्लिप मारतोय: खोलायचा, बदलायचा की गाडीच काढायची?

आर्णीकर
रविवार, रात्री ९.४०

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज स्वतःवर आलंय म्हणून लिहितो.

गाडी २००९ ची पेट्रोल सेडान, १ लाख १८ हजार किलोमीटर. चार गिअरची जुनी टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा त्या कंपनीवरच जाईल. २०१६ मध्ये पुण्याहून सेकंडहँड आणली होती.

दुखणं असं. सकाळी गार गाडी एकदम शहाणी. आर्णीहून यवतमाळकडे निघालो की पंधरा-वीस किलोमीटरनंतर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएमचा काटा उसळून ४००० वर जातो. आवाज वाढतो, वेग नाही. मग मागून कोणी लाथ घातल्यासारखा धक्का बसतो आणि तिसरा पडतो. घरी येऊन रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग धप्. महिन्याभरापूर्वी हे आठवड्यातून एखादवेळी व्हायचं, आता रोज.

नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपने बोनेटसुद्धा न उघडता सांगितलं, गिअरबॉक्सची पूर्ण असेंब्ली बदला, २ लाख ४० हजार. गाडी विकायला काढली तर दीड लाखही येणार नाहीत. यवतमाळचा एक मिस्त्री म्हणतो "खोलून पाहू". आणखी एकाने भंगारातला बॉक्स ४५ हजारांत आणून देतो म्हटलं. कापसाचे पैसे यायचेत, पण ते याच्यात घालायचे का?

धुऱ्यावरचा
रात्री ९.५८

काहून एवढा जीव जाळून राहिले भाऊ? इकून टाका अन् साधी गिअरवाली घ्या. आपल्याकडे ऑटोमॅटिकचा मिस्त्री सापडणं म्हणजे मे महिन्यात अरुणावतीले पूर येणं.

आर्णीकर
रात्री १०.१०

घेतली असती. पण बाबांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. साठीपर्यंत "कोणी नेते का" म्हणून ओट्यावर वाट पाहणारा माणूस या गाडीमुळे एकटा वावरात जातो, दवाखान्यात जातो, सोमवारी रुसून मावशीकडे जातो. क्लचची गाडी आमच्या घरी नुसती उभी राहील.

धुऱ्यावरचा
रात्री १०.१४

चुकलं भाऊ, माफ करजा. मंग वाचवाच तिले.

काळं_ऑइल
रात्री ११.०५

वीस वर्षं नागपुरात याच कामावर होतो, आता हिंगणघाटला स्वतःचं छोटं गॅरेज आहे. थोडं लांब लिहितो.

असेंब्ली बदला म्हणणाऱ्याला आणि खोलून पाहू म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा होता: डिपस्टिक, म्हणजे तेलाची कांडी, काढून पाहिली का? तुमच्या पोस्टमध्ये तेलाचा एक शब्द नाही. ऑटोमॅटिकमध्ये तेल फक्त घासणं कमी करायला नसतं. तेच दाबाने क्लचच्या प्लेटा आवळतं, म्हणजे गिअर तेच टाकतं. ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट आठवा. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, नांगर उचलताना लिफ्ट थरथरते, कधी अर्ध्यावरच राहते. तेव्हा आपण लिफ्ट बदलतो का? आधी तेल पाहतो. तुमचा रिव्हर्स उशिरा पडतो तो याच जातीचा त्रास असू शकतो. गरम झाल्यावरच का होतं? तेल तापलं की पातळ होतं, आणि जुनी रबरी सीलं कडक झालेली असली की पातळ तेल त्यांच्या कडेने निसटतं. गार असताना जाड तेल तीच चूक झाकून घेतं.

पाहायचं कसं: गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा. ब्रेकवर पाय ठेवून लीव्हर सगळ्या जागांवर दोन-दोन सेकंद थांबवत फिरवा आणि परत पी (पार्क) मध्ये आणा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहतात, काही कंपन्या बंद केल्याबरोबर लगेच पाहायला सांगतात. गाडीच्या पुस्तकात जे असेल तसं करा, कारण दोन्ही रीतींत पातळी वेगळी दिसते. कांडी पुसा, परत घाला, काढा, आणि एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका.

लाल किंवा गुलाबी असेल तर देवाला नारळ. तपकिरी असेल तर म्हातारं झालंय. काळं आणि करपल्याचा वास म्हणजे प्लेटा जळल्या. आणि गुलाबी ताकासारखं दिसलं तर गाडी सुरूसुद्धा करू नका. रेडिएटरमध्ये गिअर ऑइल गार करायची नळी असते, ती आतून फुटली की पाणी तेलात जातं आणि प्लेटांवरचा थर सोलायला लागतो.

तोवर गाडी चालवू नका. प्रत्येक स्लिप म्हणजे प्लेटा घासून तापणं. आवाक्यातलं काम आठ दिवसांत हाताबाहेर जातं.

वर्धेची_सून
सोमवार, सकाळी ८.२०

माझ्या छोट्या गाडीलाही असंच झालं होतं. गॅरेजवाले म्हणाले क्लच सेट बदला, १८ हजारांत काम झालं, दोन वर्षं काही त्रास नाही. एवढे लाख-दोन लाख कशाला, तुम्हीही नुसता क्लच बदलून पाहा ना दादा.

काळं_ऑइल
सकाळी ८.५०

ताई, तुमची बहुधा एएमटी असेल. तिच्यात आतला गिअरबॉक्स साध्या गाडीचाच असतो, क्लचही तोच कोरडा एक प्लेटवाला, फक्त दाबायचं काम पायाऐवजी यंत्र करतं. म्हणून तुमचं १८ हजारांत झालं. आर्णीकरांच्या गाडीत तेलात बुडालेले तीन-चार क्लच पॅक (प्लेटांचे जुडगे) आहेत, ते बाहेरून बदलता येत नाहीत. सीव्हीटी आणखी तिसरीच, तिच्यात पुली आणि स्टीलचा पट्टा. तिघींनाही लोक "ऑटोमॅटिक"च म्हणतात आणि मग एकीचं औषध दुसरीला देतात. तेलही वेगळं. नुसतं लाल आहे म्हणून पॉवर स्टिअरिंगचं किंवा दुसऱ्या जातीचं ओतलेले बॉक्स मी उघडलेत.

वर्धेची_सून
सकाळी ८.५५

हो, एएमटीच. बरं झालं विचारलं.

आर्णीकर
सोमवार, संध्याकाळी ७.३०

पाहिलं.

बाबा स्वतः खुर्ची टाकून समोर बसले. मी कांडी काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली, जेमतेम टोकाला. कागदावर थेंब टाकला तर मधोमध काळपट तपकिरी आणि कडेने चहाचा डाग पसरावा तसा पसरला. बाबांनी कागद नाकाशी नेला आणि म्हणाले, "तव्यावर विसरलेल्या फोडणीसारखा वास आहे." ताकासारखं नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नसावं.

मग तेल गेलं कुठे? खाली पत्रा टाकून झोपलो. रेडिएटरच्या खालच्या बाजूला गिअर ऑइलचा रबरी होज ओला, त्यावर धूळ बसून लेप झालेला. मागच्या उन्हाळ्यात रेडिएटर बदलला होता. त्या मिस्त्रीने जुनाच होज परत चढवला आणि वर पट्टीचा पेचवाला क्लिप आवळला. बाबांनी टॉर्च मारून पाहिला आणि म्हणाले, "हा तर मोटरपंपाच्या पाइपचा क्लिप आहे." खरंच, विहिरीवर लावतो तोच. होजला बसला तेव्हा मोठा पडला, म्हणून एका बाजूला घडी मारून आवळलेला. तिथूनच थेंब-थेंब. आमचं अंगण मातीचं, डाग कधी दिसलाच नाही.

रागवावं की हसावं कळेना.

धुऱ्यावरचा
संध्याकाळी ७.४१

😂😂 तेल टाकून वापस करा, झालं काम!

पुसदचा_पाव्हणा
रात्री ८.१५

थांबा. एक लाख किलोमीटरच्या वर चाललेल्या ऑटोमॅटिकचं तेल बदलू नये असं मी पक्कं ऐकलंय. आमच्या ओळखीत एकाने बदललं आणि चौथ्या दिवशी गाडी बसली. जुनं तेलच तिला धरून असतं.

काळं_ऑइल
रात्री ९.००

पाव्हणे, हे मीही रोज ऐकतो. होतं काय, माणूस तेल बदलायला येतो कधी? स्लिप सुरू झाल्यावर. तोवर प्लेटा संपलेल्या असतात. त्या चौथ्या दिवशी बसणारच होत्या, बिल मात्र तेलाच्या नावावर फाटतं. चांगल्या बॉक्सला नव्या तेलाने काही होत नाही. साठ हजार किलोमीटरच्या आसपास बदलावंच, कंपनी "आयुष्यभर चालेल" म्हणो की आणखी काही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, तिथे कसलं आयुष्यभर.

एवढं खरं आहे की जोरात प्रेशरने फ्लश मारू नये, विशेषतः असल्या जळलेल्या बॉक्सला. खालचं झाकण काढून जेवढं पडेल तेवढं पाडायचं, जाळी (तेलाचा फिल्टर) बदलायची, तेवढंच भरायचं. असं केल्याने एकूण तेलाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंतच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. हवं तर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर परत एकदा.

आर्णीकर, करपल्याचा वास आहे म्हणजे नुसत्या तेलाने पूर्ण बरं होईल असं मी सांगणार नाही. पण होज, क्लिप आणि तेल हा तीन-चार हजारांचा खर्च आधी करा. झाकण काढाल तेव्हा आतल्या लोहचुंबकाचा फोटो टाका. राखेसारखा मऊ लेप चालतो. सुया, चकत्या, चमकणारे तुकडे दिसले तर विषय वेगळा.

मेळघाटी
रात्री १०.३०

एक गोष्ट सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. चिखलदऱ्याच्या घाटात माझी ऑटोमॅटिक तापून उभी राहिली. आधीच स्लिप होत होती, मी मात्र डी (ड्राइव्ह) मध्येच रेटत होतो. खालचा गिअर लावून हळूहळू चढलो असतो तर बरं झालं असतं असं नंतर कळलं. असो. गावातल्या पोरांनी ट्रॅक्टर आणला, दोर बांधला आणि परतवाड्यापर्यंत न्यूट्रलमध्ये ओढत आणली. तिथे मिस्त्री म्हणाला, "ओढून आणली म्हणून जास्त मेली."

कारण: बॉक्समधला पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग कोरडेच फिरतात. साध्या गाडीला दोर चालतो, हिला नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचललेली पाहिजेत, नाहीतर सरळ सपाट ट्रकवर. मी ट्रॅक्टर लावून ट्रकचे पैसे वाचवले आणि... जाऊ द्या.

आर्णीकर
शुक्रवार, रात्री ८.५०

यवतमाळला नेली, ट्रकवर टाकून. (मेळघाटी, तुमची पोस्ट बाबांनी दोनदा वाचायला लावली.)

नवा होज, स्प्रिंगचा बरोबर मापाचा क्लिप, जाळी, पुस्तकात लिहिलंय त्याच जातीचं तेल. एकूण ४,१०० रुपये. चुंबकावर काळा मऊ लेप, बोटावर घेतला तर काजळासारखा, तुकडा एकही नाही. फोटो टाकलाय.

फरक: रिव्हर्स आता लगेच पडतो. धप् गेलं. पण गरम झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्यातली उसळी कायम आहे, ४००० ऐवजी ३२०० वर जाते एवढंच. स्कॅनर लावला तर पी ०७३३ कोड आला. मिस्त्री म्हणतो तिसऱ्याचा सोलेनॉइड (तेलाची वाट उघडझाप करणारा विजेचा वॉल्व्ह) टाका, सात हजार. टाकू?

काळं_ऑइल
रात्री ९.२५

कोड म्हणजे निदान नाही. पी ०७३३ एवढंच सांगतो की तिसऱ्या गिअरला आत येणारे फेरे आणि बाहेर जाणारे फेरे यांचा हिशोब जुळत नाही. का जुळत नाही ते सांगत नाही. सोलेनॉइडच्या विजेतच बिघाड असता तर त्याचा स्वतःचा वेगळा कोड आला असता. तरी मिस्त्रीला गार आणि गरम दोन्ही वेळा त्याचा रेझिस्टन्स मोजायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. बरोबर आला तर सात हजार खिशात ठेवा. शिवाय लाइन प्रेशरचा, म्हणजे आतल्या तेलाच्या दाबाचा, गेज लावता येत असेल तर लावा. सगळ्या गिअरना प्रेशर चांगलं आणि तिसऱ्यालाच स्लिप, म्हणजे तिसऱ्याच्या ड्रममधलं (प्लेटा बसतात तो डबा) सील किंवा प्लेटा.

आणि कोणी स्टॉल टेस्ट करू म्हणालं, म्हणजे ब्रेक दाबून पूर्ण रेस, तर नको म्हणा. चांगल्या बॉक्सवरसुद्धा ती पाच सेकंदांच्या वर करत नाहीत, तुमच्यावर करायचं कारणच नाही.

पुसदचा_पाव्हणा
रात्री ९.४०

बाय द वे, २००९ ची म्हणजे १५ वर्षं झाली ना? पासिंगचा खर्चही धरा. २०२२ मध्ये कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० झाली, ग्रीन टॅक्स वेगळा.

आर्णीकर
शनिवार, रात्री ९.४६

ते झालंय, पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून घेतलंय. म्हणून तर जीव अडकलाय.

सोलेनॉइड मोजला, दोन्ही वेळा बरोबर. म्हणजे आता खोलणं आलंच. मग ४५ हजारांचा भंगारातला की आपलाच बांधून घ्यायचा?

काळं_ऑइल
रविवार, सकाळी ७.१५

भंगारातला घेऊ नका असं मी म्हणणार नाही. कुर्ला किंवा दिल्लीच्या मायापुरीतून आलेले बॉक्स मी बसवलेत आणि काही अजून चालतायत. पण तो किती चाललाय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आतली सीलं तुमच्याइतकीच म्हातारी. शिवाय बॉक्सवरचा कोड तुमच्या कोडशी जुळलाच पाहिजे. त्याच गाडीच्या दुसऱ्या इंजिनाचा बॉक्स बोल्टांना बसतो, पण आतले गिअर वेगळे, कॉम्प्युटर गोंधळतो. काढणं-बसवणं मजुरी दोन्हीकडे सारखीच, आणि महिन्याने तोही स्लिप झाला तर ती मजुरी परत.

तुमच्या चुंबकावर तुकडे नाहीत, म्हणजे गिअर, बेअरिंग चांगली असणार. अशा वेळी आपलाच बांधावा. फक्त अर्धवट नको. बरेच जण जळालेल्या एका ड्रमच्या प्लेटा घालून बॉक्स चढवतात. सगळ्या क्लचच्या प्लेटा, पूर्ण सील किट, जाळी, आणि कन्व्हर्टर कापून धुतलेला पाहिजे. कन्व्हर्टरमध्ये जुना काळा गाळ बसलेला असतो, तो तसाच राहिला की नव्या प्लेटांवर येतो. कूलरच्या नळ्याही धुवून घ्या. बॉक्स बंद करण्याआधी प्रत्येक क्लचच्या भोकात हवा मारून सील धरतंय का ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा, ठप्प असा आवाज येतो. जुने भाग पोत्यात घालून मागा. गॅरंटी कागदावर घ्या, तोंडी नको.

माझ्याकडेच आणा असं म्हणत नाही, माझ्याकडे सध्या लिफ्ट बंद आहे. 😄 नागपूरच्या वाडीत एक जण हेच काम करतो, व्यनि (खाजगी निरोप) करतो.

वर्धेची_सून
सकाळी ९.१०

पोत्यात भाग मागायचं लक्षात ठेवते. मला तर क्लच बदलला की नाही हेही बघायला मिळालं नव्हतं.

आर्णीकर
२३ दिवसांनी

उशीर झाला, वेचणीचे दिवस होते.

गाडी वाडीत १७ दिवस होती. एकूण ८३ हजार. यात प्लेटा-सीलांचं किट, कन्व्हर्टरचं काम, तेल, मजुरी, आणि काळं_ऑइल दादांच्या सांगण्यावरून रेडिएटरपुढे एक छोटा वेगळा ऑइल कूलर. सहा महिने किंवा दहा हजार किलोमीटरची गॅरंटी, शिक्क्यासह.

उघडला त्या दिवशी मी आणि बाबा दोघंही गेलो होतो. तिसऱ्याच्या ड्रममधल्या प्लेटा हातात दिल्या. चांगली प्लेट कशी असते ते शेजारच्या ड्रममधली दाखवली: बदामी रंगाची, खरखरीत, पुठ्ठ्यासारखी. आमची काळी, गुळगुळीत, दोन ठिकाणी नुसतं लोखंड. मधल्या स्टीलच्या चकत्या निळ्या पडलेल्या. आणि पिस्टनचं रबरी सील काढलं तर वाकेचना. मिस्त्रीने दोन बोटांत दाबलं तर चक्क मोडलं. सुरुवात तिथून झाली की तेल कमी पडल्यावर झाली, त्याने छातीठोक सांगितलं नाही. म्हणाला, "सील म्हातारं होतंच, तुमच्या गळतीने त्याला धक्का दिला." रेडिएटर बदलणाऱ्याकडे जाऊन आलो. त्याला आठवतच नाही म्हणे.

८३ हजार दीड लाखाच्या गाडीत. हिशोबाने वेडेपणाच आहे. पण बाबांना चालवता येईल अशी, जिचा इतिहास मला माहीत आहे अशी दुसरी गाडी मला ८३ हजारांत कुठे मिळाली नाही, आणि मी शोधून पाहिलं.

पहिले दोन-तीन दिवस गिअर जरा कोरडे पडत होते. मिस्त्रीने आधीच सांगितलं होतं की कॉम्प्युटर नव्या प्लेटांना शिकून घेईल, तोवर रेस मारू नका. आता ६०० किलोमीटर झालेत. काल यवतमाळहून दुपारी दोन वाजता आलो, काटा दुसऱ्या-तिसऱ्यात २००० च्या पुढे हललाही नाही. हजाराला तेल पाहायला बोलावलंय.

धुऱ्यावरचा
रात्री ९.०२

भल्लं झालं भाऊ. बाबा काय म्हणतेत?

आर्णीकर
रात्री ९.२०

बाबा काही म्हणत नाहीत, सोमवारी मावशीकडे गेले. तो पट्टीचा क्लिप मात्र त्यांनी फेकू दिला नाही. विहिरीवरच्या मोटरच्या पाइपला लावला. तिथे बरोबर बसतो.

मेळघाटी, वाडीवाल्याचा नंबर व्यनि केलाय. आधी फोन करून जा, गुरुवारी बंद असतं.